ड्राफ्टच्या आधी क्वार्टरबॅकवर भांडायचं कसं: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

२०१७ साली मी सांगलीहून पुणेमार्गे क्लीव्हलंडला येऊन पडलो. त्या मोसमात इथला ब्राउन्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ सोळाच्या सोळा सामने हरला. जानेवारीत, नाक गळून पडेल अशा थंडीत, हजारो माणसांनी स्टेडियमभोवती मिरवणूक काढली, तीही शून्य पूर्ण होईल अशी गोल फिरून. विसर्जनाच्या मिरवणुका जन्मभर पाहिल्या होत्या. पराभवाची मिरवणूक पहिल्यांदाच पाहिली.

मग एप्रिल आला, म्हणजे ड्राफ्ट आला: व्यावसायिक संघांनी कॉलेजातली पोरं पाळीपाळीने उचलायची. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर पाच क्वार्टरबॅक पोरांची, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणाऱ्यांची, नावं सोडून दुसरा विषय निघेना. कोणाचा हात लहान, कोणाची उंची कमी, कोणाचं डोकं गरम. मी गप्प बसून डबा खायचो. दोन आठवड्यांनी गप्प बसवेना, म्हणून तोंड उघडलं आणि पुढची सात-आठ वर्षं पुरेल इतकी शोभा करून घेतली. ती कशी, ते सहाव्या पायरीवर सांगतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा खटाटोप.

आधी एवढं जवळ ठेवा

- त्या वर्षीच्या पहिल्या फेरीतल्या ३२ पाळ्यांची यादी. प्रत्येक संघापुढे "क्वार्टरबॅक आहे / नाही / आहे पण म्हातारा" एवढंच लिहा.
- ज्यांच्यावर वाद चाललाय त्या पोरांचे प्रत्येकी तीन पूर्ण सामने. यूट्यूबवर बरेच मिळतात. "सर्वोत्तम क्षण" छापाचे पाच मिनिटांचे व्हिडिओ नकोत.
- मागच्या आठ-दहा ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत गेलेल्या क्वार्टरबॅकची यादी. वाद तापला की हाच कागद तुम्हाला वाचवतो.
- एक वही. मोबाइलवर लिहिलेलं नंतर बदलता येतं, म्हणून वहीच.

१. हा आयपीएलचा लिलाव नव्हे

आपल्याकडचा माणूस पहिला घसरतो तो इथे. लिलावात ज्याच्या खिशात पैसा, त्याचा खेळाडू. इथे पाळी असते. गेल्या मोसमात जो सगळ्यात तळाला, त्याची पाळी पहिली. सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकणाऱ्याची बत्तिसावी. एकूण सात फेऱ्या. गुरुवारी रात्री पहिली, शुक्रवारी दुसरी आणि तिसरी, शनिवारी उरलेल्या. सगळे मिळून अडीचशेच्या आसपास खेळाडू निवडले जातात. हायस्कूल सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय कोणी यात उतरू शकत नाही, म्हणून बहुतेक पोरं विशी-बाविशीची असतात.

पाळ्यांची अदलाबदल मात्र चालते, आणि खरा जुगार तिथेच असतो. २०२३ मध्ये कॅरोलायनाला पहिली पाळी हवी होती, ती होती शिकागोकडे. कॅरोलायनाने आपली नववी पाळी, त्याच वर्षीची दुसऱ्या फेरीतली एक, २०२४ ची पहिल्या फेरीतली, २०२५ ची दुसऱ्या फेरीतली आणि वर डी. जे. मूर हा चांगला चालता रिसीव्हर (फेकलेला चेंडू पकडणारा), इतकं सगळं मोजलं आणि ब्राइस यंगला घेतलं. तो मोसम कॅरोलायना सगळ्यांत तळाला गेली. त्यामुळे शिकागोकडे गेलेली त्यांची २०२४ ची पाळी ठरली नेमकी पहिली, आणि तिच्यावर शिकागोने केलेब विल्यम्स उचलला. क्वार्टरबॅकसाठी काढलेलं कर्ज क्वार्टरबॅकच्याच रूपाने फेडावं लागलं.

खेळाडूला "मला हा संघ नको" म्हणता येत नाही. १९८३ मध्ये जॉन एल्वेने म्हटलं होतं. बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला पहिला उचलला, त्याने बेसबॉल खेळायला जाईन अशी धमकी दिली आणि शेवटी डेन्व्हरला गेला. पण सगळेच एल्वे नसतात.

२. सगळं भांडण एकाच जागेवरून का

कारण जवळजवळ प्रत्येक डावपेचात चेंडू त्याच्या हातून जातो. चेंडू हातात आल्यावर त्याला अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरचा बचाव वाचायचा, चार-पाच धावणाऱ्यांतून मोकळा शोधायचा आणि अंगावर येणाऱ्या सव्वाशे-दीडशे किलोंच्या माणसांकडे दुर्लक्ष करून फेकायचं.

दुसरं कारण पैशाचं आहे, आणि नवख्यांना ते कोणी सांगत नाही. २०१० मध्ये पहिल्या पाळीवर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डशी झालेला करार होता सहा वर्षांचा, ७.८ कोटी डॉलरचा. त्यातले ५ कोटी हमीचे. पुढच्याच वर्षी नियम बदलले आणि पहिल्या पाळीच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण २.२ कोटी मिळाले. तेव्हापासून नवा क्वार्टरबॅक स्वस्त झाला. तो लागला तर चार-पाच वर्षं उरलेला पैसा बाकीच्या संघावर ओतता येतो. त्यामुळे दर एप्रिलला अर्धा डझन संघांची अवस्था उतावळ्या नवऱ्यासारखी होते, बाशिंग गुडघ्याला. ज्या पोराला दुसऱ्या फेरीत घ्यायचं, त्याला पहिल्या दहात घेतात.

आमच्या क्लीव्हलंडचं विचाराल तर १९९९ पासून इथे चाळिसाहून जास्त वेगवेगळ्या क्वार्टरबॅकनी सामन्याची सुरुवात केली आहे. म्हणून या गावात या विषयावर बोलताना आवाज जरा बेताचा ठेवा. समोरच्याच्या घरात सुतक असू शकतं.

३. कांदेपोह्यांचा कार्यक्रम लवकर उरका

फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला सगळ्या उमेदवारांना बोलावून मोजतात. याला कम्बाइन म्हणतात. १९८७ पासून तिथेच भरतं. उंची, वजन, ४० यार्डांची धाव, उड्या, मुलाखती. हाताचा पंजाही मोजतात, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. आपल्याकडे मुलगी बघायला गेल्यावर "जरा चालून दाखव" म्हणणारी एक आत्या असायची. इथे बत्तीस संघांच्या आत्या स्टॉपवॉच घेऊन बसलेल्या असतात.

या मोजमापावरून वाद घालू नका, कारण दोन्ही बाजूंना हवी तेवढी उदाहरणं सापडतात. केनी पिकेटचा पंजा साडेआठ इंच भरला. २०२२ मध्ये त्यावर महिनाभर चर्चा झाली, पिट्सबर्गने त्याला विसाव्या पाळीला घेतला आणि तो तिथे दोनच मोसम टिकला. ज्यो बरोचा पंजा नऊ इंच, म्हणजे तोही लहानच. आता बहुधा निवृत्तच व्हावं लागेल, अशी चेष्टा त्याने स्वतःच केली आणि दोन वर्षांत सिनसिनाटीला सुपर बोलपर्यंत नेलं. टॉम ब्रेडीला ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद लागले होते. २००० साली तो सहाव्या फेरीत, १९९ व्या पाळीला गेला. पुढे सात सुपर बोल जिंकला.

ब्रेडीचं नाव तुम्ही मात्र काढू नका. प्रत्येक वादात कोणीतरी काढतोच, आणि जाणकार लगेच खुर्ची मागे सरकवतात. एखादा माणूस विहिरीत पडून वाचला म्हणून सगळ्यांना विहिरीत ढकलायचं नसतं.

उंचीचं मात्र थोडं खरं आहे. पाच फूट दहा इंचांच्या पोराला पुढे अडवणाऱ्या साथीदारांच्या भिंतीपलीकडे दिसायला बाजूला सरकावं लागतं. कायलर मरे (२०१९) आणि ब्राइस यंग (२०२३) दोघेही तेवढ्याच उंचीचे आणि दोघेही पहिल्या पाळीला गेलेले. म्हणजे दार बंद नाही, पण चौकट खाली आहे.

४. चेंडू सोडा, पाय पाहा

ही पायरी घाईने ओलांडू नका.

आमच्या ऑफिसात सत्तरीकडे झुकलेला एक गृहस्थ आहे. माझ्या फजितीनंतर त्यालाच माझी दया आली. त्याने लॅपटॉपवर एका कॉलेज सामन्याचा व्हिडिओ लावला, कागदी रुमालाची घडी घातली आणि पडद्याचा वरचा अर्धा भाग झाकून टाकला. आता क्वार्टरबॅक कमरेखालीच दिसत होता. "कुठे फेकला ते विसर," म्हणाला. "घाबरला कधी ते सांग."

पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. मग दिसू लागलं. चेंडू मिळाल्यावर पोरगा तीन किंवा पाच पावलं मागे जातो. चांगल्याचे पाय तिथे थिजत नाहीत; बॅडमिंटन खेळणाऱ्यासारखे बारीक बारीक नाचत राहतात, आणि ज्या बाजूला फेकायचं त्या बाजूला पुढचा पाय आधी वळतो. अडवणाऱ्या साथीदारांनी धरलेल्या त्या मोकळ्या जागेला पॉकेट म्हणतात. बाजूने कोणी आत घुसलं की चांगला पोरगा एक पाऊल *पुढे*, त्या खोबणीत शिरतो. कच्चा मागे मागे सरकत जातो किंवा पाठ फिरवून पळतो. कॉलेजात पळून निभावतं, कारण मागे लागलेला पोरगा पुढे जाऊन विमा विकणार असतो. व्यावसायिक सामन्यात मागे लागलेला माणूस त्याच्याइतकाच जोरात पळतो.

मग रुमाल काढून हेल्मेट पाहा. हेल्मेट एकाच दिशेला खिळलेलं असेल, तर पोरगा ठरवून आलेल्या माणसालाच शोधतोय. डावीकडून मधे, मधून उजवीकडे वळत असेल, तर तो बचाव वाचतोय.

तीन सामने पाहायचे म्हणालो, ते असे निवडा: एक त्याने सहज जिंकलेला, एक सगळ्यात तगड्या संघाविरुद्धचा आणि एक वाईट हरलेला. हरलेला सर्वांत आधी पाहा. दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात; त्यातला तिसरा प्रयत्न आणि सात-आठ यार्ड बाकी, असे प्रसंग गाठून पाहा. तेव्हा सगळ्या मैदानाला ठाऊक असतं की आता फेकणार, त्यामुळे लपायला जागा नसते. आणि चेंडू विरुद्ध संघाच्या हातात गेल्यावर, म्हणजे इंटरसेप्शननंतर, त्याच्या पुढच्या चार फेकी कशा आहेत ते वहीत लिहा.

५. आकड्यांची खेळपट्टी तपासा

क्रिकेट पाहिलेल्या माणसाला हे समजवावं लागू नये. रणजीत पाट्यावर काढलेली त्रिशतकं आपण कशी ऐकतो? मान हलवतो आणि विचारतो, "गोलंदाज कोण होते?" कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत सव्वाशेच्या वर संघ आहेत, व्यावसायिक संघ ३२. तेव्हा तोच प्रश्न इथेही विचारा.

पूर्ण झालेल्या फेकींची टक्केवारी सगळ्यात फसवी. मागच्या मागे दोन यार्डांवर दिलेला चेंडूही पूर्ण फेकच आणि चाळीस यार्डांवर दोन बचावपटूंच्या मधून घातलेलाही पूर्ण फेकच. कोणी "७० टक्के" म्हणाला, तर सरासरी किती लांब फेकत होता आणि अंगावर माणसं आल्यावर ती टक्केवारी किती उरते, एवढे दोनच प्रश्न विचारा. टेबलावरचे निम्मे लोक तिथेच गप्प होतात.

साथीदार पाहा. बरो २०१९ मध्ये लुईझियाना स्टेटकडून खेळताना त्याच्याकडे जस्टिन जेफरसन आणि जमार चेस हे रिसीव्हर होते, आणि त्याने ६० टचडाउन (इथले गोल म्हणा) फेकले. मॅक जोन्सकडे अलाबामात २०२० ला डेव्हॉन्टा स्मिथ आणि जेलन वॅडल होते. दोघांचीही पंगत भरलेली. एक सिनसिनाटीचा राजा झाला, दुसरा न्यू इंग्लंडहून तीन वर्षांत निघाला. त्यामुळे "साथीदार चांगले होते" हाही निकाल नव्हे. त्याने तुमची शंका जागी राहावी, एवढंच.

अनुभवही मोजा. २०१७ ला दुसऱ्या पाळीवर शिकागोने घेतलेल्या मिच ट्रुबिस्कीने कॉलेजात फक्त १३ सामन्यांची सुरुवात केली होती. त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या पाळीला गेलेल्या पॅट्रिक महोम्सचं नाव शिकागोत अजून हळू आवाजातच घ्यावं लागतं.

६. मुलगा पाहिलात, आता घर पाहा

माझं म्हणणं असं आहे, आणि टेबलावर ते फारसं कोणाला आवडत नाही: "कोण चांगला" हा प्रश्नच अपुरा आहे. "कोणाकडे गेला तर चांगला" असा तो हवा.

२०१८ घ्या. बेकर मेफिल्ड पहिला, आमच्याकडे क्लीव्हलंडला. सॅम डार्नल्ड तिसरा, न्यूयॉर्क जेट्सकडे. जॉश ॲलन सातवा, बफेलोला. जॉश रोझन दहावा, ॲरिझोनाला. लमार जॅक्सन पहिल्या फेरीत अगदी शेवटचा, बत्तिसावा, बाल्टिमोरला. मी एक व्हिडिओ पाहून भर टेबलावर जाहीर केलं होतं की यातला खरा तयार फेकणारा रोझनच, आणि ॲलनची कॉलेजातली टक्केवारी ५६ आहे, तो दोन वर्षांत घरी जाईल. वर पैज लावली: चुकलो तर सगळ्या मजल्याला बटाटेवडे.

रोझनला ॲरिझोनात कमकुवत भिंत मिळाली, मोसमाच्या मध्यात डावपेच आखणारा माणूस बदलला, आणि वर्षभरात संघाने नवा प्रशिक्षक आणून पहिल्या पाळीवर मरेला उचललं. रोझन मायामीला विकला गेला आणि पुढे कुठेच रुजला नाही. ॲलनला बफेलोने वेळ दिला, २०२० मध्ये स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर आणून दिला. त्या मोसमात त्याची टक्केवारी ६९ च्या वर गेली, आणि २०२४ च्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. जॅक्सनसाठी बाल्टिमोरने सगळा खेळच त्याच्या पायांभोवती नव्याने बांधला. दुसऱ्याच वर्षी तो सर्वोत्तम खेळाडू. डार्नल्डला जेट्सने तीन वर्षांत सोडलं, आणि भटकत भटकत मिनेसोटाला पोहोचल्यावर २०२४ मध्ये त्याने १४ सामने जिंकून दिले. मेफिल्डला चौथ्या संघात, टॅम्पा बेला, सूर सापडला.

तांदूळ तोच, पण एका घरी भात मोकळा होतो, दुसऱ्या घरी गिचका. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग की रायन लीफ हा वाद अगदी शेवटपर्यंत चालला होता. मॅनिंग पहिला गेला, लीफ दुसरा. लीफ व्यावसायिक लीगमध्ये २५ सामने खेळला आणि त्याचे ३६ चेंडू विरुद्ध संघाने पकडले. तिथे मात्र घराला दोष देता येत नाही असंच बहुतेक लोक म्हणतात, आणि मीही तेच म्हणतो.

म्हणून वहीत प्रत्येक संघापुढे तीन गोष्टी लिहा: अडवणारी भिंत कशी आहे, प्रशिक्षकाची नोकरी टिकणार का, आणि नव्या पोराला वर्षभर बाकावर बसवायची सोय आहे का. प्रशिक्षकाची खुर्ची डळमळीत असेल, तर पोरगा कितीही गुणी असो, दोन पावलं मागे घ्या.

बटाटेवडे मी २०२० च्या मोसमानंतर खाऊ घातले. महामारीमुळे डबे भरून घरोघर पोहोचवावे लागले.

७. काही शब्द जपून वापरा

नव्या माणसाच्या कानाला हे पटकन लागत नाही. काळ्या क्वार्टरबॅकबद्दल "काय चपळ", "काय ताकद", आणि गोऱ्याबद्दल "डोकं शांत", "अभ्यासू" असं बोलायची इथे जुनी खोड आहे. तिचा इतिहास कडू आहे. वॉरन मूनला १९७८ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून ओळीने पाच ग्रे कप, म्हणजे तिथली अजिंक्यपदं, जिंकला, मग इकडे आला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये बसला. लमार जॅक्सनलाही २०१८ मध्ये रिसीव्हर होण्याचा सल्ला जाणत्या लोकांनी जाहीरपणे दिला होता. तुम्ही दोघांबद्दलही पाय, नजर आणि निर्णय यांवरच बोला. त्याने निम्मे वाद टळतात, आणि उरलेले घालण्यासारखे असतात.

८. एप्रिलमधल्या बातम्या मीठ लावून खा

ड्राफ्टच्या आधीचे तीन आठवडे सगळे खोटं बोलतात. ज्याला पोरगा हवाय तो म्हणतो नकोय, ज्याला नकोय तो म्हणतो फार आवडला, म्हणजे पाळी विकायला भाव चढतो. एजंट वेगळंच पेरतात. "मॉक ड्राफ्ट" म्हणजे पंडितांनी आधीच मांडलेली यादी. ती पत्रिकेसारखी वाचा, करमणूक म्हणून. २०२५ मध्ये शेडर सँडर्सचं नाव अनेक याद्यांत पहिल्या फेरीत होतं. प्रत्यक्षात तो शनिवारी, पाचव्या फेरीत, १४४ वा गेला. घेतला कोणी? आम्हीच. आदल्या रात्री डिलन गेब्रिएल हा दुसरा क्वार्टरबॅक घेऊन झाल्यावर.

९. ड्राफ्टची रात्र

गुरुवारी पूर्वेच्या वेळेने रात्री ८ ला सुरू होतं. पुण्यात, सांगलीत तेव्हा शुक्रवार पहाटेचे साडेपाच. माझा धाकटा भाऊ चहा घेऊन बसतो आणि मी इकडे उरलेली आमटी घेऊन. पहिली फेरी तीन-साडेतीन तास चालते, मध्ये भरपूर जाहिराती आणि रडणाऱ्या आया असतात, त्यामुळे पोटभर जेवून बसा. कोणाच्या घरी पाहायला गेलात तर त्यांच्या संघाची पाळी येईपर्यंत मत देऊ नका, आणि पाळी आल्यावर यजमानाने काय म्हटलंय ते आधी ऐका.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं प्रत्येक संघाला गुण देतात. ते वाचू नका. त्याऐवजी पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी तुमची क्रमवारी वहीत लिहा, तारीख टाका, सही करा आणि पान फाडून तुमच्या मताशी सगळ्यात कमी जमणाऱ्या माणसाकडे ठेवायला द्या. तीन मोसम होईपर्यंत परत मागू नका.

माझं २०१८ चं पान त्या सत्तरीच्या गृहस्थाच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर पहिल्या क्रमांकाला रोझन आहे, पाचव्याला ॲलन, आणि कोपऱ्यात वड्याच्या तेलाचा डाग. दर एप्रिलला तो ते नव्या माणसाला दाखवतो.